पुजलेली नळी

शनि. १७ ऑक्टोबर २०२०

बी.पी.ची गोळी सकाळी घेतली की नाही आठवेना. परत अर्धी घेतली. आता दिवसभर तेच डोक्यात.

दुपारी शेजारच्या आयरिश डर्मटने मागच्या भिंतीवरून बिस्किटांचा डबा पुढे केला. मी नको नको म्हणत होतो. झाकण उघडलं तर बिस्किटं नाहीतच. ग्रीस फासलेल्या दोन नळ्या आणि दोन लोखंडी ठोकळे. त्याच्या रायफलचे. नेमबाजीची रायफल आहे, परवाना जुना म्हणून ठेवता येते. क्लबात जाऊन निशाण्यावर मारतो. तिला नवी बॅरल घातली आहे कॉनने. कॉन म्हणजे डर्मटच्या वारलेल्या बायकोचा भाऊ, स्वोर्ड्सच्या पुढे बंदुका दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं. आता गॅसचे भाग कुठले घालायचे ते ठरेना. कॉनने दोन जोड हातात दिले आणि म्हणाला, तुझं तू ठरव.

डर्मट म्हणाला, "बाबा, तू जन्मभर रायफली केल्यास. तू सांग."

नि. मला बाबा म्हणतो म्हणून हाही बाबाच म्हणतो. त्याला ते माझं नाव वाटतं.

जन्मभर रायफली केल्या, हे नि.नेच त्याला सांगितलेलं. मुलगा बापाबद्दल चांगलं बोलतोय तर कशाला खोडा. डबा घेतला. माझ्या खोलीतल्या कपाटात, गरम कपड्यांखाली. नि.ला नाही सांगितलं, सुनेला, अमृतालाही नाही.

सोम. १९ ऑक्टो.

दार लावून डबा उघडला. ग्रीसचा वास आला आणि एकदम कारखान्याचा भोंगा ऐकू आल्यासारखं झालं.

रायफल मी कधी केली नाही. आमच्या खोलीत एकच काम. रायफलीतल्या गॅस सिलिंडरचं, अशाच एका नळीचं, भोक तपासायचं. हातात दोन गेज, एक आत गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. गेलं, नाही गेलं. शिक्का. पुढचा ट्रे. माझ्या हाताखालून गेलेल्या तुकड्याची रायफल झालेली मी फक्त टीव्हीवर, संचलनात बघायचो. ही म्हणायची, "यातली तुमची कुठली?"

पण गॅसचं माहीत आहे. गोळी सुटली की तिच्यामागचा थोडा गॅस बॅरलच्या भोकातून ठोकळ्यात आणि तिथून नळीत शिरतो. त्या धक्क्याने रिकामी पुंगळी बाहेर पडते, पुढची गोळी आपोआप आत येते. नळीची वाट मोकळी पाहिजे. नाहीतर एक बार झाला की दरवेळी हाताने ओढत बसा.

एका ठोकळ्याला बाजूने स्क्रू आहे, गॅस कमीजास्त करायला. दुसरा साधा. नळी एक आखूड, एक लांब.

मंगळ. २० ऑक्टो.

डर्मटला सांगून टाकलं. "नो स्क्रू."

"का रे?"

"स्क्रू इज देअर, यू विल टर्न. एव्हरी डे टर्न."

भिंत धरून हसला. म्हणाला, "ब्रीज असती तर तिनेही अगदी हेच सांगितलं असतं. घरातला एक नळ मी धड ठेवला नाही." ब्रीज म्हणजे त्याची बायको.

"अँड लाँग ट्यूब. स्लो पुश. लाइक अस."

"ग्रँड. ठरलं मग."

ठरलं! मी सांगितलं आणि ठरलं. या घरात आल्यापासून मी भाजी कुठली करायची तेही ठरवलेलं नाही. ग्रीस पुसून देतो म्हणालो. त्याने मागितलं नव्हतं, माझं मीच म्हणालो.

गुरु. २२ ऑक्टो.

पुन्हा सगळं बंद. घरापासून पाच कि.मी.च्या पलीकडे जायचं नाही. कॉनचं दुकान त्याच्या बाहेर. डर्मट म्हणाला, राहू दे तुझ्याकडे, घाई कुणाला आहे.

नि.च्या जुन्या टी-शर्टच्या चिंध्या केल्या. दोऱ्याला बांधून नळीतून ओढल्या. शेवटची चिंधी पांढरी निघाली. खिडकीकडे धरून आत बघितलं. आरसा. आमच्या फोरमन नायरसाहेबांनी सुद्धा शिक्का मारला असता.

रवि. २५ ऑक्टो. दसरा

अमृताने देवापुढे नि.चा लॅपटॉप, तिचा लॅपटॉप, गाडीची किल्ली, नातीची, ईराची सायकल मांडली. झेंडू नाही मिळाला, दुकानातली पिवळी शेवंती. मला म्हणाली, "बाबा, तुमचं काय ठेवायचं?" मी म्हणालो, माझं काय असणार. तर तिने माझा चष्मा ठेवला. चष्म्याला हळदकुंकू. प्रेमानेच केलं तिने. पण जेवण गोड लागलं नाही.

ते तिघं फिरायला गेल्यावर डबा काढला.

कारखान्यात आदल्या दिवशी सगळी मशिनं धुऊन निघायची. शेखभाई टर्नर सायकलला झेंडूच्या माळा अडकवून आणायचा. आमच्या खोलीत मात्र नायर फोरमन दारात उभे. "पेटीवर लावा, अंगावर नाही!" गेजची लाकडी पेटी बंद करायची आणि पूजा पेटीच्या झाकणाची. मोजायच्या वस्तूला कुंकवाचा कण लागता कामा नये. नव्या पोरांना हे मीच शिकवायचो.

पण डब्याला बिस्किटांचा वास. अंड्याची असणार. त्याची कशी पूजा करायची? म्हणून नळी आणि ठोकळा काढून ताटलीत ठेवले. आणि हात थांबला नाही. ओलं कुंकू, हळद, वर अक्षता. नमस्कार केला तर डोळे भरून आले. एवढ्या वर्षांनी माझंही काहीतरी देवापुढे होतं.

तेवढ्यात पुढचं दार वाजलं. होतं तसं फडक्यात गुंडाळलं.

"बाबा, काय आहे ते?" अमृता.

"नळाचा तुकडा."

सणाच्या दिवशी, देवापुढे खोटं.

बुध. २८ ऑक्टो.

सकाळी डर्मट भिंतीवरून ओरडायला लागला. पोस्टमन रस्त्याच्या टोकाला आला होता, कॉनला पार्सल पाठवायचं म्हणे, आज पाठवलं तर आठवड्यात बसवून होईल. धांदल. मी फडकं सोडलं, वरून खसाखसा पुसलं, डब्यात घालून दिलं. त्याने कागदावर लिहिलं, रायफल कारखान्यातल्या माणसाने स्वतः साफ केलेलं, आणि तो कागद आत टाकला. मला वाचून दाखवला. मी हसलो.

नखात कुंकू राहिलंय. आतून एकदा बघायला हवं होतं. जाऊ दे. पुजलेलंच आहे.

शनि. १४ नोव्हेंबर. लक्ष्मीपूजन

डर्मटला चकल्या दिल्या. एक खाल्ली, बाकीच्या खिशात घातल्या. कॉनचा फोन आला होता, भाग बसले, दिसायला झकास. दुकान उघडलं की रायफल घेऊन येणार. "पहिला बार तुझ्या नावाने, बाबा."

मला बरं वाटायला हवं होतं.

शनि. १२ डिसेंबर

निर्बंध उठल्यावर आज डर्मट रायफल घेऊन रेंजवर गेला. दुपारीच परत आला. गाडीचं दार आपटलं त्यावरून कळलं.

एक बार होतो. पुढची गोळी आत येतच नाही. दरवेळी हाताने ओढायची. क्लबातले लोक म्हणाले, एवढा खर्च करून डर्मटने साधी रायफल करून आणली. एक बार, मग हाताने. म्हणजे नळी. वाट बंद.

अक्षता. दुसरं काय असणार?

रवि. १३ डिसें.

हे लिहायला नको वाटतंय.

डर्मटने भिंतीशी बोलावलं. हातात फोन, स्पीकर लावलेला, पलीकडे कॉन. दोघांचं आधीच बरंच झालेलं दिसत होतं. कॉन म्हणत होता, माझ्या कामात खोट नाही, नळी जशी आली तशी बसवली. कारखान्यातल्या माणसाने साफ केली लिहिलं होतंस, मग मी कशाला आत बघू?

डर्मट मला म्हणाला, "सांग त्याला, बाबा. तू दिलीस तेव्हा नळी आतून साफ होती ना?"

मी म्हणालो, "यस."

"मोठ्याने सांग, ऐकू दे त्याला."

"क्लीन. व्हेरी क्लीन."

व्हेरी कशाला म्हणालो? नुसतं यस पुरलं असतं.

फोनमधून कॉन म्हणाला, "बरं. तुझा माणूस म्हणतो तर तसंच असेल." आणि ठेवला.

डर्मटने माझ्या खांद्याकडे हात केला, मग कोविड आठवून मागे घेतला.

बुध. १६ डिसें.

नि.ला सांगितलं. त्याची मीटिंग संपेपर्यंत जिन्यात बसून राहिलो. सगळं ऐकून घेतलं त्याने. आधी हसेल वाटलं. हसला नाही.

"बाबा, बंदुकीचे पार्ट आपल्या घरात होते?"

"नळी होती रे. नुसती नळी."

"माझा सिटिझनशिपचा अर्ज आत आहे, बाबा. तुमचा व्हिसा त्यांनी दया म्हणून वाढवलाय. उद्या कुणी काही विचारलं तर?"

"डर्मट आणि कॉन बोलत नाहीत माझ्यामुळे."

"बोलतील. मेव्हणे-मेव्हणे भांडतात आणि बोलतात. तुम्ही एक शब्द काढू नका. अमृतालाही नाही."

त्याचं चुकलं असं नाही. संसार आहे त्याचा. पण जिना चढताना मला बरं वाटलं, सुटल्यासारखं. मुलाने नाही म्हटलं, आता माझ्याकडे काय दोष. त्या बरं वाटण्याची जास्त लाज वाटते.

शुक्र. २५ डिसें. नाताळ

कॉन दर नाताळला डर्मटकडे जेवायला यायचा. ब्रीज होती तेव्हाही, ती गेल्यावरही. डर्मटला दुसरं कुणी नाही, मूल नाही. आज त्याच्या दारात गाडी नव्हती.

अमृताने ताट दिलं, पुरी, छोले, श्रीखंड. भिंतीशी उभ्यानेच खाल्लं त्याने. श्रीखंडाला म्हणाला, हे दही आहे? दह्याला असं कोण करतं? मग म्हणाला, "ब्रीजने दोघांची डोकी एकमेकांवर आपटली असती." आणि मग, "पण चूक त्याची आहे. त्याने नुसतं मान्य करायला हवं होतं."

मी रिकामं ताट घेऊन आत आलो.

रवि. २१ फेब्रुवारी २०२१

बंदी, पाऊस, गुडघा. बरेच दिवस लिहिलं नाही. काय लिहायचं.

आज डर्मट म्हणाला, क्लबातल्या सगळ्यांना सांगितलंय मी कॉनचं. दोघांनी आपल्या बंदुका त्याच्याकडून काढून दुसऱ्या डीलरकडे नेल्या. फिरायची मोकळीक झाली की मीही तिकडेच देणार. मी विचारलं, कॉनचं काय? डर्मट म्हणाला, "साठीचा आहे, बंद करेल दुकान. त्याला तसाही कंटाळा आलाय." पण हे बोलताना माझ्याकडे बघत नव्हता.

नळीत तांदळाचा दाणा अडकलाय आणि एका माणसाचं दुकान बंद पडतंय.

बुध. १७ मार्च

आज इथला मोठा सण, पण मिरवणूक नाही. आज सांगायचंच असं ठरवून भिंतीशी गेलो. तोंडात वाक्य तयार केलं होतं, डर्मट आय टेल यू वन थिंग.

"डर्मट, आय टेल यू वन थिंग."

"बोल."

"पोटॅटो इज टू डीप."

त्याने बटाटे लावले होते, त्या वाफ्याकडे बोट दाखवलं मी. तो म्हणाला, "बाबा, बटाट्याचं तू आयरिश माणसाला शिकवतोस?" आणि खूप हसला. नंतर बघितलं तर त्याने थोडे वर काढून लावले होते. माझं अजून ऐकतो तो.

मंगळ. १३ एप्रिल. गुढीपाडवा

कालपासून जिल्ह्यात कुठेही जायला परवानगी.

गुढी खिडकीत लावली. अमृताने माझ्या तळहातावर अक्षता ठेवल्या, बाबा तुम्ही वाहा म्हणाली. हात उघडेना. मूठ धरून उभा राहिलो. ईरा म्हणाली, "आर यू ओके, आजोबा?" अमृताने तिला बाहेर पाठवलं.

मग सांगितलं अमृताला. नि.ने बजावलं होतं तरी.

ती म्हणाली, "म्हणजे तो नळाचा तुकडा."

"हो."

"मला तेव्हाच कळलं होतं बाबा, काहीतरी लपवताय. तुमच्या नखात कुंकू होतं दोन दिवस. मला वाटलं आईंचं काहीतरी असेल, त्यांची एखादी वस्तू. म्हणून विचारलं नाही."

हिची वस्तू. सुनेने मला एवढं चांगलं समजावं.

संध्याकाळी त्या दोघांचं खोलीत बोलणं झालं. नि.चा आवाज चढला, तिचा नाही. बाहेर येऊन मला म्हणाली, "शनिवारी मी तुम्हाला कॉनकडे नेते. नि.चं मी बघते."

शनि. १७ एप्रिल

कॉनच्या फाटकाशी उभं राहून बोललो. उंच माणूस, डर्मटच्या अगदी उलट, शब्द मोजून बोलणारा. अमृता गाडीपाशी थांबली, म्हणाली तुमचं तुम्ही बोला, अडलं तर हाक मारा.

नाही अडलं. कागदाच्या पुडीत अक्षता नेल्या होत्या, त्या दाखवल्या. "दिस. इन ट्यूब. आय प्रे, अँड दिस गो इन. आय सेड क्लीन. नॉट क्लीन."

त्याने पुडी हातात घेतली. एक दाणा उचलून उजेडात धरला, मी नळी धरली होती तसा.

"तांदूळ?"

"रेड पावडर अँड राइस. फॉर गॉड."

"आणि फोनवर तू साफ म्हणालास तेव्हा तुला माहीत होतं?"

खोटं बोलायची अजून एक जागा होती. तेव्हा नाही, नंतर कळलं, असं म्हणता आलं असतं.

"यस. आय नो."

त्याने फाटकावर हात ठेवला. मला वाटलं ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "आत न बघता बसवली, तो माझाही गाढवपणा आहे." मग पुडी नीट दुमडून मला परत दिली. "पण हे मी डर्मटला सांगणार नाही. मी सांगितलं तर तो म्हणेल, म्हाताऱ्याला दमात घेऊन वदवलं. तू सांग. आणि सोमवारच्या आत सांग, सोमवारी तो रायफल त्या दुसऱ्याकडे देणार आहे."

"ही विल नॉट टॉक टू मी."

"माझ्याशी तरी कुठे बोलतो?"

गाडीत अमृताने विचारलं, काय म्हणाले. मी म्हणालो, तूच सांग म्हणाले. ती म्हणाली, "मग?"

रवि. १८ एप्रिल

सकाळी डर्मट वाफ्यात होता. बटाट्याला कोंब आलेत, मला दाखवायला त्याने हात केला. मी भिंतीशी गेलो आणि पुडी भिंतीवर उघडून ठेवली. त्याला वाटलं बियाणं.

"डर्मट. ट्यूब वॉज नॉट क्लीन. कॉन इज गुड. आय डिड."

समजायला वेळ लागला त्याला. दसरा कसा सांगायचा? आमच्याकडे वर्षातून एकदा हत्याराला नमस्कार करतात, एवढंच सांगितलं. माझ्याकडे हत्यार नव्हतं, तुझं होतं, हेही सांगितलं. रायफली मी कधी केल्या नाहीत, एक भोक तपासायचो, तेही. सगळं एका दमात, मोडक्या इंग्रजीत. पहिल्यांदाच मला शब्द शोधावे लागले नाहीत.

तो म्हणाला, "नाताळला मी इथे उभं राहून जेवलो, बाबा."

"यस."

"तू समोर होतास."

"यस."

खुरपं मातीत रोवलं आणि आत गेला. मागचं दार लावून घेतलं. हे दार तो कधीच लावत नाही, मांजरासाठी उघडं असतं.

मी तिथेच उभा. नि. वरच्या खिडकीतून बघत होता, मी वर बघितलं तर तो मागे झाला नाही. थोड्या वेळाने खाली आला, माझा कोट घेऊन. खांद्यावर घातला. तोही उभा राहिला.

मग पुढच्या बाजूने डर्मटच्या गाडीची डिकी वाजली. जड काहीतरी ठेवल्याचा आवाज, म्हणजे रायफलची पेटी. गाडी निघाली. सोमवारची वाट बघायचीही त्याची तयारी नाही, असं वाटलं. नाहीतर मग दुसरंच काही.

कोपऱ्यावर गाडी थांबल्याचं ऐकू आलं. तिथून डावीकडे स्वोर्ड्सचा, कॉनकडचा रस्ता. उजवीकडे तो दुसरा डीलर, पण आज रविवार, तो कसा उघडा असेल. बराच वेळ थांबली. मध्ये शेजाऱ्यांचं उंच कुंपण, काही दिसत नाही. मी नि.ला म्हणालो, तू उंच आहेस, बघ कुठे वळतो. तो टाचा उंचावून बघायला लागला.

"दिसत नाही, बाबा."

मग गाडी गेली. पुडी अजून भिंतीवर आहे. वारा आहे, पण मी उचलली नाही. त्याने येऊन उचलावी.